‘हाव नडली’ म्हणण्याआधी

गोव्यात डिचोली-साखळीच्या खाणपट्ट्यात कुणाचे ‘कॉइन’मध्ये, म्हणजे क्रिप्टो चलनाच्या योजनेत, पैसे बुडाले असं कळलं की लोक लगेच म्हणतात, “हाव नडली.” मला याचा मनापासून राग येतो. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी बंद पडल्यावर खनिज वाहणाऱ्या ट्रकच्या कर्जाचे हप्ते कसे भरायचे या काळजीत किती घरं होती, ते आपण पाहिलंय. अशा घरात ‘दर महिन्याला ठरलेली रक्कम’ हे शब्द आधाराचे वाटतात.

शिवाय पहिला फोन बहुतेक वेळा ओळखीच्याचाच येतो. मेव्हणा किंवा शाळूसोबती सांगतो, दहा हजार घालून बघ. ॲपवर आकडा वाढतो. मग म्हणतात, दोन हजार काढून बघ. ते खरोखर बँकेत जमा होतात, आणि इथेच माणूस फसतो! ते असतात त्याचेच किंवा मागून आलेल्या कुणाचे तरी पैसे. पुढे घरातलं सोनं गहाण पडतं. मोठी रक्कम काढायला गेलं की “आधी टॅक्स भरा”, “केवायसी अडलंय” सुरू होतं. ॲपवरचा आकडा चालवणाऱ्यानेच टाकलेला असतो.

भारतातल्या गेनबिटकॉइन या योजनेने महिन्याला 10 टक्के, तेही 18 महिने, कबूल केले होते. वनकॉइन या कॉइनकडे तर खरी ब्लॉकचेनच, म्हणजे व्यवहारांची सगळ्यांना तपासता येणारी डिजिटल नोंदवहीच, नव्हती. ते कॉइन विकणारी रुजा इग्नातोवा 2017 पासून बेपत्ता आहे. 2021 मध्ये एका गाजलेल्या कोरियन मालिकेच्या नावाचं कॉइन काही दिवसांत 2,800 डॉलरवर गेलं. घेणाऱ्यांना ते विकताच येत नव्हतं, आणि बघता बघता भाव शून्यावर आला.

“सरकार 30 टक्के कर घेतं, म्हणजे अधिकृतच की!” हे तर सर्रास ऐकवतात. 2022 पासून कॉइनच्या नफ्यावर हा कर आहे, खरं. पण कर लावला म्हणजे सरकारने त्या कॉइनची हमी घेतली असं होत नाही.

आपल्या टोमण्यांमुळे फसलेला माणूस बायकोलाही सांगत नाही. तो गप्प बसतो तोवर पैसे चार खात्यांतून पुढे निघून जातात. म्हणून कुणी सांगितलं तर आधी त्याच्याशेजारी बसून 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, बँकेला कळवा, चॅट आणि व्यवहाराचे क्रमांक जपून ठेवा. नंतर “थोडी फी द्या, बुडालेले पैसे काढून देतो” असा फोन आला, तर एक रुपयाही देऊ नका. तो फोन त्याच किंवा तसल्याच दुसऱ्या टोळीचा असतो.