क्राकूफची तुतारी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पोलंडमधल्या क्राकूफ शहरावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. तुमचे आक्षेप तीन. तातारांच्या, म्हणजे मंगोल हल्लेखोरांच्या, बाणाची दंतकथा मी इतिहास म्हणून सांगितली, तिथल्या सेंट मेरी चर्चच्या बुरुजावरची तुतारी हा निव्वळ पर्यटकांसाठीचा देखावा आहे, आणि चार दिवस मी एकाच चौकात घालवले.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. १२४१ च्या स्वारीत पहारेकऱ्याच्या गळ्यात बाण घुसला म्हणून तुतारीचा सूर आजही मध्येच तुटतो, असं मी ठासून लिहिलं होतं. पण सेंट मेरी चर्चची आजची इमारत मुख्यतः चौदाव्या शतकातली, आणि बाणाची ही गोष्ट सगळीकडे पसरली ती विसाव्या शतकात. चूक माझी. ते वाक्य आजच बदललं आहे.

देखाव्याचं मात्र मुळीच पटत नाही. तुतारी वाजवणारे अग्निशमन दलाचे जवान असतात. बुरुजावरून शहरावर नजर ठेवायची, आग दिसली की इशारा द्यायचा, हे तिथलं जुनं काम. आजही दर तासाला, रात्रीसुद्धा, चार दिशांना चार वेळा सूर वाजतो. दुपारी बाराचा पोलिश रेडिओवरून देशभर जातो, १९२७ पासून. फ्लोरियान्स्का रस्त्यालगतच्या खोलीत मला पहाटे तीनला जाग आली. खाली चिटपाखरू नव्हतं. सूर आला, तुटला. मग पुन्हा तोच, पण जरा दबका, कारण वाजवणारा दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी गेला होता. तेव्हा तो कुणासाठी वाजवत होता, सांगा.

आणि चौकाबद्दल. रिनेक, म्हणजे तो मुख्य चौक, १२५७ मध्ये आखला गेला, एकेक बाजू सुमारे २०० मीटर. मधोमध सुकिएनीत्से, जुना कापडबाजार. तिथे अंबरच्या माळा आणि लाकडी पेट्या आहेत, त्या पर्यटकांसाठीच, हे कबूल. पण सकाळी सहाला या. फुलवाल्या बादल्यांत पाणी भरत असतात, ओब्वाझानेकच्या, म्हणजे खसखस लावलेल्या पावाच्या कड्यांच्या, निळ्या गाड्या लागत असतात. तिथून बार्बिकन, म्हणजे वेशीबाहेरचा जुना गोल बुरुज, ओलांडून दहा मिनिटं चाललं की स्तारी क्लेपाशची मंडई. तिथे एका आजींनी मला आंबवलेल्या काकडीचा तुकडा चाखायला दिला, आणि मी मान डोलावेपर्यंत वजनकाट्याला हात लावला नाही.

वावेल या राजवाड्याच्या टेकडीबद्दल मी कमी लिहिलं, हे तुमचं खरं. तिथे एकच दुपार गेले होते, म्हणून तेवढंच लिहिलं.