ऑफर टाकलीये

२०१० साली कॅलिफोर्नियाच्या बे एरियात अपार्टमेंटात राहणाऱ्या कुठल्याही मराठी जोडप्याला पॉटलकमध्ये गाठून "घराचं काय मग?" असं विचारलं की उत्तर एकच, "ऑफर टाकलीये." पुढे काही विचारायचं नाही, कारण पुढचं त्यांनाही माहीत नसायचं.

लेहमन ही बडी बँक बुडून दीड वर्ष झालेलं, किमती गडगडलेल्या, व्याज पाच टक्क्यांच्या आसपास, आणि वर सरकार म्हणतंय की पहिल्यांदा घर घेत असाल तर ८,००० डॉलरपर्यंत टॅक्स क्रेडिट, म्हणजे करात सूट, देतो, फक्त ३० एप्रिलच्या आत करारावर सही करा आणि ३० जूनच्या आत घर ताब्यात घ्या. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही, असं जो तो ज्याला त्याला सांगत होता. आता फ्रीमाँट-सनीव्हेलमधल्या किमती कितीही पडल्या तरी आमच्या खिशापर्यंत काही पोचत नव्हत्या, मग आम्ही पण सगळ्यांसारखे ५८० हायवे पकडून अल्टामाँटच्या पवनचक्क्या ओलांडून पलीकडे ट्रेसी, माउंटन हाउस असं हिंडायला लागलो. हे तेच माउंटन हाउस, २००८ मध्ये पेपरात आलं होतं की अख्ख्या अमेरिकेत सगळ्यात जास्त अंडरवॉटर गाव हे आहे म्हणून, म्हणजे घराच्या किमतीपेक्षा कर्जच मोठं. अशा गावात घर बघायला जाताना जरा कसंतरी होतं, पण चार बेडरूम, मागे लिंबाचं झाड आणि किंमत दोन लाख एकोणचाळीस हजार, हे बघितल्यावर कसंतरी व्हायचं थांबतं. माणूस म्हणजे कठीणच.

लिस्टिंगवर बारीक अक्षरात होतं, शॉर्ट सेल, सब्जेक्ट टू लेंडर अप्रूवल.

शॉर्ट सेल म्हणजे काय, ते एजंटबाईंनी समजावलं ते असं. मालकाने २००६ मध्ये हे घर पाच लाख साठ हजाराला घेतलं, स्वतःचा एक डॉलर न घालता, ८० टक्के एका बँकेचं कर्ज आणि उरलेले २० टक्के दुसऱ्या बँकेचं. आता घर अडीच लाखाचंही नाही आणि त्याला हप्ते झेपत नाहीत. तर तो घर आपल्याला विकणार, येतील ते पैसे बँक घेणार आणि बाकीचं सोडून देणार. बँक हो म्हणाली तर. आणि ती पाटीवरची किंमत? ती मालकाच्या एजंटने गिऱ्हाईक यावं म्हणून लिहिलेली, बँकेला अजून तो आकडा कळलेलाही नाही.

आम्ही दोन तीसची ऑफर टाकली. रात्री आम्ही दोघं बसून ठरवत होतो की तो दोन पस्तीस म्हणेल, मग आपण दोन बत्तीस म्हणायचं, मग जरा उठून जायचा आव आणायचा, अगदी तुळशीबागेत शिकलेलं सगळं. सकाळी मालकाची सही आलेली होती. दोन तीसला. मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात पेढे वाटायचीच बाकी होते, मग नवरा म्हणाला, "अगं, त्याचं काय जातंय? पैसे बँकेचे आहेत." आणि खरंच, विकणाऱ्याला यातून काही मिळत नाही, सरकारच्या तेव्हाच्या नव्या योजनेत बसला तर सामान हलवायला ३,००० डॉलर, नाहीतर तेही नाही. तो हे करतो ते फक्त फोरक्लोजरपेक्षा, म्हणजे बँकेने घर लिलावात काढण्यापेक्षा, क्रेडिट रिपोर्टवरचा डाग जरा फिका पडावा म्हणून. म्हणजे ज्याच्याशी आपण घासाघीस करतोय त्याला किमतीशी घेणंदेणं नाही, आणि ज्याला आहे तो समोर येतच नाही. आमची ऑफर म्हणजे एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल होता, सीट आमची हे पक्कं, पण गाडीला ड्रायव्हर द्यायचा की नाही हे डेपोत अजून ठरायचं होतं.

मग कागद. मालकाने बँकेला पत्र लिहायचं की माझ्यावर काय वेळ आली, सोबत दोन वर्षांचे टॅक्स रिटर्न, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंटं. आम्ही प्री-अप्रूवल लेटर, म्हणजे आम्हाला कर्ज मिळेल असं आमच्या बँकेचं पत्र, आणि डाउन पेमेंटचे पैसे खरंच आहेत याचा पुरावा. आणि हे सगळं फॅक्सने! सिलिकॉन व्हॅलीपासून तासाभरावर, जिथे शेजारच्या क्युबिकलमधला माणूस क्लाउडवर प्रेझेंटेशनं देतोय, तिथे आमचं भवितव्य एका फॅक्स मशीनमधून कुईं-कुईं करत चाललेलं. बँक म्हणायची मिळालं नाही. परत पाठवलं की म्हणायची मिळालं, पण मधलं एक पान नाही. ते पान पाठवेपर्यंत मालकाची पगाराची स्लिप जुनी झालेली असायची, मग नवी. ती पोचेपर्यंत फाईल बघणारा निगोशिएटर बदललेला असायचा, आणि नव्या माणसाकडे फाईल नव्याने सुरू व्हायची. ग्रीन कार्डच्या रांगेत उभे असल्यामुळे वाट बघायचं आमचं ट्रेनिंग पक्कं होतं, पण तिथे निदान दर महिन्याला बुलेटिन तरी निघतं.

या सगळ्याचं रिपोर्टिंग रविवारी स्काईपवर सांगलीला करावं लागायचं, कारण सासरे बँकेतून रिटायर झालेले, आणि वसुली हा त्यांचा खास विषय.

"म्हणजे पाच साठचं कर्ज दोन तीसात मिटवायचं?"

"हो बाबा."

"ओटीएस. वन टाइम सेटलमेंट."

"तसंच काहीतरी."

"जामीनदार कोण आहेत?"

"इथे जामीनदार नसतो बाबा. कॅलिफोर्नियात राहतं घर घ्यायला काढलेल्या कर्जामागे फक्त ते घर असतं. घर गेलं की विषय संपला, बाकीच्या पैशासाठी बँक माणसाच्या मागे लागू शकत नाही. लोक चक्क किल्ल्या पाकिटात घालून बँकेला पोस्टाने पाठवतात."

स्काईप हँग झालं असं आम्हाला वाटलं, पण पंखा फिरताना दिसत होता. बाबाच थिजले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "आमच्याकडे मेव्हण्याच्या पगारातून कापून घेतलं असतं." मग त्यांनी विचारलं विसार किती दिला. म्हटलं चेक दिलाय, पण बँकेचा होकार येईपर्यंत तो एजंटच्या फाईलमध्येच असतो, वटवत नाहीत. हे त्यांना अजिबात आवडलं नाही. विसार न घेणारा माणूस गंभीर नसतो असं त्यांचं मत. त्यांचा सल्ला होता की मालकाच्या हातावर थोडे रोख टेकवा, म्हणजे तो मनावर घेईल. नेमकं त्याच आठवड्यात आम्ही एका प्रतिज्ञापत्रावर सही केली होती की आमचं आणि मालकाचं काही नातं नाही, कसलाही छुपा व्यवहार नाही, आणि नंतर तो या घरात राहणार नाही. ते त्यांना वाचून दाखवलं. त्यावर "मग काम कसं होणार?" हा प्रश्न त्यांनी अत्यंत प्रामाणिकपणे विचारला आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं.

जून संपत आला. आमच्यासारखे देशभरात इतके लोक अडकलेले की जुलैच्या सुरुवातीला सरकारने मुदत वाढवून ३० सप्टेंबर केली. आम्ही त्या रात्री बाहेर जेवायला गेलो, जणू वॉशिंग्टनला आमचीच फाईल बघून निर्णय झाला होता. सप्टेंबरही गेला. ते ८,००० डॉलर मनात आम्ही सोफा, डायनिंग टेबल आणि एक भारत ट्रिप असे वाटून टाकले होते, सोफा सगळ्यात शेवटी कॅन्सल केला.

घर मात्र डोक्यात बसलं होतं. देवघर कुठे, आई-बाबांची खोली खालची की वरची, यावर आमची खरीखुरी भांडणं व्हायची. लिव्हरमोरच्या देवळात गेलं की गाडी आपोआप पुढे ट्रेसीकडे वळायची, घरावरून हळू एक चक्कर. लॉन वाळत चाललंय बघून नवरा हळहळायचा, एकदा तर उतरून ड्राइव्हवेवर पडलेला पेपर उचलून दारापाशी ठेवून आला. समोरच्या घरातून पडदा बाजूला झाला, त्यांना बहुतेक आम्ही बँकेची माणसं वाटलो.

इन्स्पेक्शनच्या दिवशी मालक भेटला. मला वाटलं होतं अवघड होईल, आपण त्याच्या घरात टेप घेऊन मापं घेणार. पण त्याने अगदी मन लावून स्प्रिंकलरचा टायमर कसा लावायचा ते दाखवलं, गॅरेजचं दार कुठे अडकतं ते सांगितलं, आणि मग हळूच विचारलं, "बँकेकडून काही कळलं का तुम्हाला?" आम्ही म्हटलं, आम्ही तुम्हालाच विचारणार होतो. मग तिघांनी मिळून मनसोक्त शिव्या घातल्या आणि जाताना त्याने पिशवीभर लिंबं दिली. मी लोणचं घातलं. बँकेच्या उत्तराआधी ते मुरलं, आणि बरंचसं संपलंही.

मधे बँकेने कुणालातरी घराची किंमत काढायला पाठवलं, तो गाडीतूनच दोन फोटो काढून गेला म्हणे. मग दुसरी बँक, ती २० टक्क्यांची, एक लाख बारा हजारवाली. पहिल्या बँकेचंच पूर्ण फिटत नाही म्हटल्यावर दुसरीला खरं तर शून्य, पण तिने बोजा उठवल्याशिवाय घर विकता येत नाही, म्हणून सरकारी योजनेत तिला जास्तीत जास्त ६,००० द्यायचे. तिला आणखी हवे होते. मला तिचा राग यायचा, पण बाबांना तिच्याबद्दल जरा आदर वाटला.

एवढ्यात एजंटबाईंनी नवीनच सांगितलं, की ही पहिली बँक तरी कुठे मालक, ती फक्त हप्ते गोळा करते. कर्ज केव्हाच विकलं गेलंय, हजारो कर्जांबरोबर बांधून त्याचे रोखे केलेत आणि ते कुठल्याकुठल्या फंडांनी घेतलेत, शेवटचा होकार त्यांच्या नियमाने. नवऱ्याने त्या रात्री सहज म्हणून आमच्या फोर-ओ-वन-केचं, म्हणजे इथल्या रिटायरमेंटच्या बचतीचं, स्टेटमेंट काढलं, तर त्यातल्या बाँड फंडात एक मोठा तुकडा घरकर्जांच्या रोख्यांचा. म्हणजे एखादवेळेस या घराचं एखाद्या विटेएवढं कर्ज आमचंच असेल, आणि इतके महिने मीच माझ्या ऑफरला उत्तर देत नव्हते.

शेवटी एका सकाळी एजंटबाईंचा फोन आला. आवाज ऐकूनच मी मीटिंगमधून बाहेर आले. घर गेलं. स्टॉकटनला कोर्टाच्या पायऱ्यांवर लिलाव झाला, कुणीतरी रोख पैसे भरून घेतलं, तेही आमच्या ऑफरपेक्षा कमी किमतीत. मला कळेचना, बँक तर आमच्याशी बोलत होती ना? तर हो, बोलत होती, पण ते बँकेतलं एक डिपार्टमेंट. हप्ते थकले म्हणून लिलाव करणारं डिपार्टमेंट वेगळं, ते आपल्या तारखेने आपलं काम करत होतं. आत्तापर्यंत तारीख पुढे ढकलली जायची, या वेळी ढकलायची राहिली. असं त्या काळात खूप जणांचं झालं, पुढे २०१३ पासून कॅलिफोर्नियाने कायदाच केला की एकीकडे अर्ज विचारात असताना दुसरीकडे लिलाव करायचा नाही. आम्हाला काय त्याचं.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "सेटलमेंटवाले आणि वसुलीवाले एका मजल्यावर बसत नाहीत का?"

"एका राज्यात तरी बसतात का माहीत नाही बाबा."

"आमच्याकडे एकाच टेबलावर होते. मीच होतो."

पुढच्या आठवड्यात बँकेच्या नव्या निगोशिएटरचा ईमेल एजंटबाईंनी पुढे पाठवला. खूप सौजन्याने लिहिलं होतं. फाईल आता जवळजवळ पूर्ण झालेली आहे, फक्त खरेदीदारांच्या प्री-अप्रूवल लेटरची मुदत संपली आहे, तरी नवीन लेटर ४८ तासांच्या आत फॅक्स करावं, अन्यथा फाईल बंद करण्यात येईल. नवरा म्हणाला डिलीट कर. मी लोन ऑफिसरला फोन करून नवीन लेटर मागवलं आणि संध्याकाळच्या आत फॅक्स केलं. पहिल्याच फटक्यात गेलं.