शुक्र तापलाय तो जवळिकीमुळे नव्हे
लेख छान आहे, पण ‘शुक्र सूर्याच्या जवळ असल्यामुळे इतका तापलेला आहे’ हे वाक्य खटकलं. मग बुध त्याहून तापायला हवा! बुधावर भर दुपारी ४३० अंश सेल्सिअस होतं खरं, पण रात्री पारा उणे १८० पर्यंत उतरतो. शुक्रावर मात्र दिवस असो की रात्र, सुमारे ४६५.

शुक्राला पृथ्वीच्या जवळपास दुप्पट ऊन मिळतं, पण त्यातलं तीन चतुर्थांश त्याचे ढगच परतवून लावतात. पृथ्वी जेमतेम ३० टक्के परतवते. त्यामुळे दर चौरस मीटरमागे पृथ्वी सरासरी २४० वॅट शोषते आणि शुक्र फक्त १६०च्या आसपास. नुसत्या या हिशेबाने शुक्र उणे ४० अंशांच्याही खाली असायला हवा.

वरचे पाचशे अंश येतात ते हवेतून. तिथे ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि दाब आपल्या ९० पट. जमिनीतून निघालेली अवरक्त किरणं, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी उष्णतेची किरणं, ही हवा शोषून घेते; ती थेट अवकाशात जाऊच शकत नाहीत. उष्णता बाहेर पडते ती फार उंचावरच्या थंड थरांतून. तिथे शोषलेल्या उन्हाचा आणि बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा जमाखर्च जुळेपर्यंत खालची जमीन तापत जाते.

शाळकरी मुलं असे लेख आवडीने वाचतात, तेवढं वाक्य कृपया बदलाच.