बापाची लेक होती, म्हणूनच

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: अंबिका धुरंधर वडिलांच्याच शैलीत रंगवणाऱ्या बेताच्या चित्रकार; आडनाव नसतं तर त्यांना कुणी विचारलं नसतं; आणि नव्वदीपार जगणं हे काही कर्तृत्व नव्हे.

शैली वडिलांची होती, हे खरंच. ऐतिहासिक-पौराणिक प्रसंग, वास्तववादी रेखाटन, सगळं वडिलांच्या, म्हणजे चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधरांच्या, तालमीतलं. पण गाण्यात बापाची गायकी मुलाने राखली की आपण घराणं म्हणून माना डोलावतो. चित्रात लेकीने तेच केलं की ती नक्कल कशी होते?

आडनावाचं म्हणाल, तर ते होतं म्हणूनच दार उघडलं. अंबिकाबाईंनी १९३१ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. त्याच सुमारास तिथे शिकलेली अँजेला त्रिंदाद ही गोव्याच्या आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांची मुलगी, आणि धुरंधरांसारखेच हे त्रिंदादही जे. जे.त शिकवायचे. म्हणजे मुलीला चित्रकलेच्या वर्गात पाठवायला घरात चित्रकार बाप लागत होता. बाप नसलेल्या किती जणींची बोटं रांगोळीपाशीच थांबली, याची नोंद कुणी ठेवली? चित्रकार अमृता शेरगिल अंबिकाबाईंहून एका वर्षाने लहान. ती पॅरिसला शिकली, तेही घरच्या ऐपतीवरच ना? तिच्या आडनावाबद्दल मात्र आपण असं विचारत नाही.

आता वयाचं. तुमचं हेच वाक्य मला लागलं. अमृता २८व्या वर्षी गेली, अंबिकाबाई १९१२ ते २००९ जगल्या. वडील १९४४ मध्ये वारले. तीनच वर्षांत प्रोग्रेसिव्ह ग्रुप हा आधुनिक शैलीच्या चित्रकारांचा गट आला आणि धुरंधरांची चित्रं जुनाट ठरायला लागली. (आजही त्यांना ‘कॅलेंडरछाप’ म्हणून नाक मुरडणारे भेटतात, तुम्ही त्यांतले नसाल असं धरून चालते.) त्या उतरत्या काळात खारच्या घरात वडिलांची चित्रं, रेखाटनं जपत राहणं सोपं नव्हतं. मुंबईच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, जलरंगाचा कागद तर आधी. स्वतःच्या चित्रांचा वेळही त्यात गेला असणार, असं मला वाटतं. तुम्हाला त्या ‘बेताच्या’ वाटतात, तर हिशेबात हेही धरा.

राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाने मुंबईत धुरंधरांचं मोठं प्रदर्शन भरवलं ते २०१८ मध्ये. तेव्हा अंबिकाबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली होती.