कोंड्याचा मांडा

आमच्या डोंबिवलीच्या घरात पहाटे सहाला पहिला प्रश्न असतो, "झालं का?" काय झालं, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. अण्णा, म्हणजे माझे सासरे, पेपर घेऊन संडासात जातात आणि शब्दकोडं पूर्ण सोडवून बाहेर येतात. कोडं सुटतं, बाकी काही सुटत नाही. संडास एक, माणसं पाच आणि नवऱ्याची लोकल कोणासाठी थांबत नाही.

शेवटी अण्णांना डॉक्टरांकडे नेलं. "जेवता काय?"

"दोन्ही वेळ वरणभात," अण्णा ताठ मानेने म्हणाले. आम्ही मूळचे राजापूरकडचे, त्यात लाज कसली!

"मग चोथा कुठनं येणार? दिवसाला 25-30 ग्रॅम तरी जायला हवा पोटात."

घरी येऊन मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा 2017चा तक्ता मोबाइलवर उघडला. 100 ग्रॅम पांढऱ्या तांदळात चोथा जेमतेम 3 ग्रॅम. ज्वारीत 10, बाजरीत 11च्या वर. आणि गंमत म्हणजे गव्हाच्या पिठातही 11! पण ते न चाळलेल्या. आमच्या सासूबाई पीठ इतक्या बारीक चाळणीने चाळतात की खाली फक्त पांढरा रंग पडतो. वर राहिलेला कोंडा पुडीत बांधून देवळाबाहेरच्या गाईला. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली, त्या गाईच्या पोटाची तक्रार मी एकदाही ऐकलेली नाही.

मी लगेच मोहीम उघडली. पहिल्याच दिवशी बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, गवारीची भाजी, बियांसकट पेरू आणि झोपताना इसबगोल. इसबगोल ढवळून सासूबाई माहेरचा फोन घ्यायला गेल्या. माहेरचा फोन म्हणजे तासाभराची निश्चिंती. परत आल्या तेव्हा पेल्यात चमचा आपला आपण उभा होता.

त्या रात्रीविषयी फार लिहीत नाही. चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातले जिवाणू खातात आणि खाताना वायू सोडतात. हे शास्त्र मला दुसऱ्या दिवशी कळलं, अनुभव आधी आला. चिरंजीव उशी उचलून गॅलरीत झोपायला गेले. जाताना म्हणाले, "आई, आपण गॅसचं कनेक्शन परत करू या."

अण्णांचं तर भलतंच झालं. रात्री उठावं लागतं म्हणून ते संध्याकाळनंतर पाण्याला शिवत नाहीत. पाण्याशिवाय कोंडा म्हणजे आतल्या आत गिलावा. तीन दिवस शब्दकोडं संपून ते छोट्या जाहिरातींपर्यंत पोचले.

मग डॉक्टरांचा ओरडा खाल्ला आणि सगळं हळूहळू घेतलं. आठवड्यातून दोनदा भाकरी, मग चारदा. उसळ आधी वाटीभर. अण्णांच्या शेजारी तांब्या भरून ठेवायचा आणि तो रिकामा होतो का, यावर चिरंजीवांनी पहारा करायचा. पोळीचं पीठ मात्र चाळायचं नाही, असं मी जाहीर केलं.

"न चाळता?" सासूबाईंनी चाळणी छातीशी धरली. "अगं, किडा-मुंगी असते, गिरणीतली कचकच असते. माझ्या हातून व्हायचं नाही ते."

वाटाघाटी दोन दिवस चालल्या. तडजोड अशी ठरली: सासूबाई नेहमीसारखं पीठ चाळतात, कोंडा गाईला जातो, आणि मी दुकानातून आणलेलं गव्हाच्या कोंड्याचं पाकीट फोडून त्यातला मूठभर त्याच पिठात परत मिसळते. पाकिटाचा भाव पिठापेक्षा जास्त आहे. "तो स्वच्छ असतो," असं सासूबाईंचं म्हणणं. कोंड्याचा मांडा करतात हे ऐकलं होतं, आमच्याकडे मांड्याच्या भावाने कोंडा येतो.

पण परवा अण्णा पाच मिनिटांत बाहेर आले. सगळं घर त्यांच्याकडे बघत राहिलं. नवरा तर टॉवेल खांद्यावर घेऊन उभाच राहिला, आपला नंबर इतक्यात लागेल अशी त्याला सवय नव्हती.

अण्णांचा चेहरा मात्र उतरलेला. पेपर माझ्यापुढे धरून म्हणाले, "सूनबाई, उद्यापासून कोंडा निम्माच घाल. आडवे शब्द कसेबसे होतात, उभे सगळे राहून जातात."