‘११.४ टक्के तांबं, १८४ मीटर जाड’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेला आठवडाभर आमच्या गोव्यातल्या सांखळी-डिचोलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या कंपनीला म्हणे ११.४ टक्के तांब्याचा १८४ मीटर जाड थर लागला. एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद धरला तर शेअर शंभरपट जाणार. निकाल शेअर बाजारावर आलेत म्हणजे खात्रीचे. दोन वर्षांत खाण सुरू. आणि इलेक्ट्रिक गाड्यांमुळे तांबं महागणारच. मी वाचून सोडून दिलं होतं. पण परवा मेहुण्याचा फोन आला, ‘भावजी, सोसायटीतली ठेव मोडू काय?’ ती ठेव भाचीच्या शिक्षणाची आहे. म्हणून लिहायला बसलो.

कंपनीचं मूळ निवेदन मी उघडून वाचलं. त्यातली ओळ अशी: १८४ मीटरमध्ये सरासरी ०.६२ टक्के तांबं, त्यातच ६ मीटर ११.४ टक्क्यांचे. मेसेज लिहिणाऱ्याने लांबी पहिल्या आकड्याची उचलली आणि टक्केवारी दुसऱ्याची!

आता वही घ्या. १८४ गुणिले ०.६२ म्हणजे ११४. ६ गुणिले ११.४ म्हणजे ६८. वजा केलं की उरलेल्या १७८ मीटरच्या वाट्याला ४६ येतात, म्हणजे मीटरमागे जेमतेम पाव टक्का. बोअरमधलं, म्हणजे दगडाचा नमुना काढायला जमिनीत पाडलेल्या भोकातलं, साठ टक्के तांबं त्या सहा मीटरच्या पट्ट्यात आहे. मी खाणीच्या लॅबमध्ये सत्तावीस वर्षं सॅम्पलं केली. कोअर म्हणजे बोअरमधून निघणारा दगडाचा दांडा; त्याच्या बॉक्समधला एक चांगला तुकडा शेजारच्या साध्या दगडाची सरासरी कशी वर खेचतो, हे रोज पाहिलंय.

एक मात्र मान्य करतो. आपल्याकडे लोहखनिज ५८ टक्क्यांचं, म्हणून ०.६२ ऐकून कुणी हसेल, तर ते चूक. जगातल्या मोठमोठ्या उघड्या खाणी अर्ध्या टक्क्याच्या आसपासच्या तांब्यावर चालतात. हलक्या ग्रेडचं, म्हणजे कमी टक्क्याचं, खनिज भाव आला की विकलं जातं, हे चीनची मागणी वाढल्यावर आपण आपल्या डंपांवर, म्हणजे खाणीबाहेर टाकून दिलेल्या ढिगांवरच पाहिलं.

पण तो किलोमीटरचा हिशेब! तो करून बघितला आणि संताप आला. एक चौरस किलोमीटर, १८४ मीटर जाडी, दगडाची घनता २.७ धरली, तर सुमारे ५० कोटी टन दगड होतो. त्याचे ११.४ टक्के म्हणजे साडेपाच कोटी टनांहून जास्त तांबं. जगातल्या सगळ्या खाणी मिळून वर्षाला सव्वादोन कोटी टनांच्या आसपास तांबं काढतात. म्हणजे अख्ख्या जगाचं अडीच वर्षांचं तांबं, तेही एका बोअरवरून. आमच्या वाड्यावर एका विहिरीला पाणी आहे आणि वीस पावलांवरची कोरडी. मग जमिनीखालचा किलोमीटर कुणी पाहिला?

ऑस्ट्रेलियात अशा निवेदनांसाठी ‘जॉर्क’ नावाची संहिता आहे, २०१२ची आवृत्ती. ती स्पष्ट सांगते की अशा शोधाच्या बोअरांच्या निकालांवरून टन आणि ग्रेडचा अंदाज बांधणं योग्य नाही, आणि हे निवेदनातच लिहिलं पाहिजे. छोटे उंच ग्रेडचे तुकडे लांब पट्ट्यात मिसळले असतील तर ते कसे मिसळले तेही दाखवायचं. आणि खरी जाडी माहीत नसेल तर तसं नमूद करायचं. या निवेदनात तळाला बारीक अक्षरांत तेच आहे: ‘ही बोअरमधली लांबी, खरी जाडी माहीत नाही.’ केळं आडवं कापलं तर चकती पडते, उभं कापलं तर लांब फोड. बोअर खनिजाच्या शिरेशी २० अंशांचा कोन करून गेलं असेल, तर १८४ मीटरची खरी जाडी ६३ मीटर.

बाजाराच्या खात्रीचं म्हणाल तर निवेदन कंपनीच टाकते, त्याखाली नाव कंपनीने नेमलेल्या तज्ज्ञाचं असतं. बाजार कोअर तपासायला जात नाही.

दोन वर्षांत खाण? अमेरिकेत अ‍ॅरिझोनातला रिझोल्यूशन हा प्रचंड साठा १९९५ मध्ये सापडला. मागे रिओ टिंटो आणि बीएचपीसारख्या कंपन्या, तरी अजून तिथून तांबं निघत नाही. आणि हे डिचोलीच्या माणसाला परक्याने सांगायला हवं? २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा खनिज जमिनीतच होतं. ट्रक अंगणात उभे होते आणि बँकेचे हप्ते चालू होते.

तांब्याची मागणी वाढणार, हे खरं. पण तांबं महागलं म्हणून या कंपनीचा शेअर महागेल असं नाही. तिला विकायला एक टनही तांबं नाही. पुढची बोअरं मारायला पैसा लागतो, तो नवे शेअर काढून उभा करतात, आणि दरवेळी जुन्या शेअरवाल्याचा वाटा आणखी पातळ होतो.

मेहुण्याला सांगितलंय, रविवारी येतो. तोवर ठेवीला हात लावू नकोस. निवेदनाची मागची पानं छापून ठेव. प्रत्येक बोअरची दिशा, कोन आणि खोली तिथल्या तक्त्यात असते. आणि जी बोअरं कोरडी गेली, म्हणजे तांबं लागलंच नाही, त्यांचे नंबर लाल पेनने गोल कर.