किळस येते त्याला मारतो, जीव घेतं ते सांभाळतो

घरातल्या किड्यामकोड्यांची प्रत्येकाची एक यादी ठरलेली असते. पहिला नंबर पालीचा, मग झुरळ, मग ढेकूण, मग उंदीर. डास सगळ्यात शेवटी, कारण डास काय, असतातच की! ही यादी आपण किळस येईल त्या क्रमानं लावलेली आहे. धोक्याच्या क्रमानं लावायची तर सोलापुरात तरी ती जवळजवळ उलटी करावी लागेल, असं माझं स्पष्ट मत आहे. लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बसा.

पालीनं आजवर तुमचं काय घोडं मारलंय? ट्यूबलाइटशेजारी बसून रात्रभर डास, पतंग, झुरळाची पिल्लं गट्ट करते. घरातल्या पालीला विष नसतं. अन्नात पडली तर ते अन्न टाकून द्या, एवढं पुरे. पण नाही, आमच्या ग्रुपवर जिन्यातल्या पालीचा फोटो पडला की लगेच पन्नास मेसेज. त्याच जिन्याखाली उघड्या बॅरलात अळ्या वळवळत असतात, त्याचा फोटो कोणी टाकत नाही.

ढेकणाचं तर लोक शेजाऱ्यांपासून लपवतात, जणू घराण्याला बट्टा लागला. ढेकूण चावतो, झोपेचं खोबरं करतो, सगळं खरं. पण तो एकाचा रोग दुसऱ्याला देतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही. औषध तर त्यानं कधीच पचवलंय. डीडीटीचा कीटकनाशक गुण १९३९ मध्ये पॉल म्युलर यांनी शोधला, १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि त्याच सुमारास डीडीटीला दाद न देणारे ढेकूण निघालेही होते! त्याला उष्णता मात्र सोसत नाही. पन्नास अंशांच्या पुढं ढेकूणही जगत नाही आणि त्याची अंडीही. मे महिन्यात गच्चीवर काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या चादरी किती तापतात ते हात लावून बघा. उन्हाला शिव्या तर आपण रोज घालतो, एकदा कामाला लावू. खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायची जुनी पद्धतही अजून चालते.

झुरळांबद्दल एवढंच सांगते, स्प्रे मारला की समोरची चार मरतात आणि बाकीची शेगडीखालून फ्रीजमागं जातात. त्यापेक्षा झुरळांच्या विषारी जेलचे ठिपके बिजागऱ्यांत, सिंकखाली लावा. खाल्लेलं झुरळ बिळात जाऊन मरतं, त्याची विष्ठा आणि ते मेलेलं झुरळ बाकीची खातात, म्हणजे वाटपही तीच करतात. जेल लावलेल्या जागी वरून स्प्रे मारू नका, नाहीतर झुरळ तिकडं फिरकतच नाही. घरात दम्याचं माणूस असेल तर मात्र झुरळ गांभीर्यानं घ्या, त्याच्या विष्ठेनं आणि अंगावरच्या भुश्शानं दमा उसळतो.

आता डास. इथं मी जरा वेळ घेणार आहे.

आपल्या गावाची खरी गोष्ट नळाच्या पाण्याची. उजनी धरण भरलेलं असो की नसो, नळ रोज येत नाही. तीन-चार दिवसांआड, कधी त्याहून उशिरा. म्हणून घरोघरी निळे बॅरल, हौद, सिंटेक्स, बादल्या, कळश्या, जे मिळेल ते भरून ठेवायचं. आणि पाणी इतक्या मुश्किलीनं मिळालेलं की बॅरल पूर्ण रिकामा करायची कोणाची छाती होत नाही. तळाशी शिल्लक राहिलेल्या पाण्यावरच नवीन पाणी भरायचं. डेंग्यूचा डास याच्यावरच जगतो. एडिस इजिप्ती त्याचं नाव, पायांवर पांढरे पट्टे, चावतो दिवसा. त्याला गटार नको असतं, आपण पिण्यासाठी ठेवतो तसलं स्वच्छ पाणी लागतं. मादी पाण्यात नाही तर पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला अंडी चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी तिथवर चढलं की फुटतात, आणि आठ-दहा दिवसांत डास उडायला तयार.

म्हणून नुसतं पाणी ओतून 'कोरडा दिवस पाळला' म्हणण्यात काही अर्थ नाही. बॅरलाची आतली कड काथ्यानं खसाखसा घासली पाहिजे, निदान आठवड्यातून एकदा. त्यासाठी पाणी फुकट घालवायची गरज नाही, नळ यायच्या आदल्या दिवशी बॅरल तळाला गेलेलाच असतो. उरलेलं गाळून घ्या, कपडे भिजवा, संडासला वापरा. वरून जुन्या सुती धोतराचा दुहेरी तुकडा सुतळीनं घट्ट बांधा. प्लास्टिकचं झाकण बहुतेक वेळा वाकडं झालेलं असतं, त्याच्या फटीतून डास आरामात जातो. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा. कूलर बंद केला की त्याचं पाणीही काढा. आपण उन्हाळा संपल्यावर तो तसाच गॅलरीत ढकलतो आणि त्यात पाऊस पडतो. फ्रीजच्या मागचा ट्रे शेवटचा कधी बघितलात?

धुरळणीच्या गाडीचं लोकांना फार कौतुक. गाडी आली की पोरं मागं पळतात (पळू देऊ नका), मोठी माणसं समाधानानं दार लावून घेतात, आणि घरात बसलेला एडिस दाराआड सुरक्षित राहतो. धुरानं मेले तर उडते डास मरतात, बॅरलातल्या अळ्यांना काही होत नाही. नगरसेवकाला धूर मागणं सोपं असतं, कारण धूर दिसतो. रोज पाणी मागा की! रोज पाणी आलं तर निम्मे बॅरल दारातून हलतील. आणि घरोघर अळ्या बघत फिरणाऱ्या आरोग्यसेविकेला दारातनंच 'आमच्याकडं नाहीत ओ ताई' म्हणून लावून देऊ नका. हा डास जन्मल्या जागेपासून फार लांब जात नाही. तुम्हाला चावला तो बहुतेक तुमच्या नाहीतर शेजारच्या अक्कांच्या हौदातला.

(रोनाल्ड रॉस यांना मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात सापडला तो २० ऑगस्ट १८९७ ला, सिकंदराबादेत. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगू वस्तीतल्या कित्येकांचे पाहुणे राहतात त्या मुलखात. तो डास वेगळा, ॲनोफिलिस, पण डासाला हलकं घेऊ नये हे तेव्हापासून माहीत आहे.)

यादीत कधीच नसतं ते पुढं. मारायला आणलेलं विष.

डांबरगोळ्या ट्रंकेत टाकतो, ठीक. पण त्याच ट्रंकेतून काढलेली झबली-दुपटी तान्ह्या बाळाला तशीच घालू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एक विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असतं. त्यांच्या तांबड्या पेशी डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलिननं फुटतात आणि कावीळ चढते. धुऊन, कडक उन्हात वाळवूनच घाला. उंदरासाठी टोमॅटोला लावून ठेवतात ती पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट यकृत निकामी करते आणि तिला उतारा नाही. घरात पोर रांगत असेल तर पिंजराच बरा.

आणि सगळ्यात भयंकर, धान्यातल्या गोळ्या. आपला जिल्हा ज्वारीचा. मंगळवेढ्याची मालदांडी वर्षाची भरून ठेवायची, म्हणजे सोंडे, टोके या धान्यातल्या किड्यांची भीती आलीच. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवते, म्हणून घेताना ज्वारी स्वच्छ दिसते आणि पावसाळ्यात पीठ पडायला लागतं. मग कोणीतरी गोळ्या आणून देतं. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात त्या. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन वायू निघतो, आणि या विषावरही उतारा नाही. कायद्यानं हे औषध सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच वापरायचं आहे. तरी आपण ते चिंधीत गुंडाळून कोठीत ठेवतो, आणि कोठी त्याच खोलीत, जिथं रात्री दार लावून पोरं झोपतात.

ज्वारीला हे लागतच नाही. चार कडक उन्हं दाखवा, दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. गार झाल्यावर हवाबंद कोठीत तोंडापर्यंत गच्च भरा. आत हवाच कमी राहिली की किडा ती संपवून गुदमरतो. अर्धी कोठी भरून वर मोकळी जागा ठेवली तर मग लिंबाचा पाला घाला नाहीतर काहीही घाला, सोंडे होणारच.

कोणाच्या घरात आत्ता या गोळ्या असतील तर त्यांच्यावर पाणी टाकू नका, मोरीत ओतू नका. दारं-खिडक्या उघडा, माणसं दुसऱ्या खोलीत नाही, घराबाहेर काढा, आणि परवानाधारक माणसाला बोलवा. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला, कोणाला उलट्या, पोटात दुखणं, धाप सुरू झाली, तर दवाखान्यात पोचल्या पोचल्या डॉक्टरांना आधी गोळ्यांचं सांगा. काल बाहेर काय खाल्लं होतं ते नंतर सांगा.